एकाच प्रतीचं मासिक

जुन्नरला आत्याकडे शिकायला राहिले ती दोन वर्षं मी पुष्कळदा सांगितली आहेत, पण लिहिली कधी नाहीत. लिहायला बसलं की आधी मासवडीचा वास येतो आणि बाकीचं सगळं मागे राहतं. आज मात्र ठरवून बसले आहे. गुडघे दुखतात, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि नलूनं परवा फोनवर दम दिलाय, "शके, तू लिव, न्हाईतर मी लिवीन. आन् मी लिवलं तर तुला वाईट दाखवीन." नलूनं दाखवलं तर मी खरंच वाईट दिसेन, कारण त्या गोष्टीत चूक माझी होती. तेव्हा मीच लिहिलेलं बरं.

आमचं गाव अवसरी बुद्रुक. मंचरच्या कॉलेजात घरून जाता-येता आलं असतं, पण पारूआत्या एकदा दिवाळीच्या सुटीत आली आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, तुला तीन पोरी हायेत, मला एक बी न्हाई. ही लिवणारी मला दे. हितं ऱ्हायली तर तू तिला विटा उचलायला लावशील." दादा गवंडीकाम करायचे आणि आम्ही पोरी सुटीत त्यांच्या हाताखाली जायचो, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. त्यांनी माझी पत्र्याची ट्रंक स्वतः एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून म्हणाले, "आत्याचं ऐक. आन् काय बाय लिवत बसू नको." दोन्ही गोष्टी एकदम कशा जमायच्या ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आत्याचं घर जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात होतं. तीन खोल्या, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पुढच्या खोलीत मामांचं शिवणकाम चालायचं. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो. मामा शाळेचे गणवेश शिवायचे, त्यामुळे त्या खोलीत बाराही महिने खाकी आणि पांढऱ्या कापडाचे ढीग असत आणि त्या दोन रंगांच्या चिंध्या घरभर फिरत. आमची पायपुसणी खाकी, भांडी उतरवायची फडकी खाकी, उशीचे अभ्रे अर्धे खाकी अर्धे पांढरे. मधल्या खोलीत बुद्धांची तसबीर, कपाट आणि माझी ट्रंक. मागच्या खोलीत चूल, पितळी डबे आणि आत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा बाळू पिंपरीला कारखान्यात लागला होता, सणासुदीला यायचा, आणि तो येणार असला की आत्या आठ दिवस आधीपासून तीळ भाजायला घ्यायची.

सकाळ आत्याच्या वंदनेनं व्हायची. अंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून ती तसबिरीपुढे उभी राही आणि त्रिसरण, पंचशील म्हणायला लागे. आवाज मोठा आणि सुराशी फारसं देणंघेणं नसलेला. दुसऱ्या ओळीला पुढच्या खोलीतून मामांचा आवाज मिसळायचा. ते उभे राहायचे, पण हातातलं काम सुटायचं नाही. सुईत दोरा ओवता ओवता म्हणायचे, त्यामुळे मध्येच दोरा चाटायला आवाज थांबायचा. मी दोघांच्या मध्ये उभी राहायचे. आज मी पुण्या-मुंबईच्या विहारांत, माइकवरून, फार सुरेल वंदना ऐकते, आणि तरी माझ्या कानाला दोरा चाटायची ती जागा रिकामी लागते.

नलू मला कॉलेजात पहिल्याच आठवड्यात भेटली. बेल्ह्याची. घरी शेती, वडील आणि भाऊ बैलांच्या बाजारात सौद्यांना बसणारे. ती जुन्नरला मावशीकडे राहायची, आमच्यापासून दोन बोळ सोडून. बाकीच्या मुली वहीच्या कडेला फुलं काढायच्या, नलू बैल काढायची. तास चालू असताना एकदा मी तिच्या वहीत डोकावले तर बैल माझ्याकडे बघत होता. म्हणजे इतका खरा, की मी नजर खाली घेतली. नलू फिस्सकन हसली आणि सरांनी आम्हा दोघींना वर्गाबाहेर काढलं. त्या व्हरांड्यात आमची मैत्री झाली ती आजतागायत चालू आहे.

नलू आमच्या घरी आली की आत्या तिला जेवल्याशिवाय सोडायची नाही. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, बाजरीची भाकरी आणि कधीमधी मासवडी. मासवडीत मासा नसतो हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. बेसनाचं घट्ट पिठलं ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, खोबरं, कांदा, लसणाचं सारण भरायचं, गुंडाळी करायची आणि माशाच्या तुकड्यांसारख्या वड्या कापायच्या. सोबत असा झणझणीत रस्सा, की नाकाडोळ्यांतून पाणी. नलू पाच-सहा वड्या खाऊन घरी जायची आणि मावशीला सांगायची, "आज पोट बिघडलंय, जेवत न्हाई." आमच्या घरचं खाल्लं हे मावशीला चाललं नसतं. आत्याला हे कळत होतं. ती एकदा नुसतं म्हणाली, "तुझ्या मावशीला वाटत आसंल, पोरीचं पोट लईच नाजूक हाय," आणि नलूच्या ताटात आणखी एक वडी टाकली. नलू मान खाली घालून हसली, पण कान लाल झाले होते.

मासिक काढायची कल्पना कुणाची, यावर आमचा अजून वाद आहे. मी लिहायचे, नलू चित्रं काढायची, आणि माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं असल्यानं मजकूर उतरवायचं कामही तिच्याकडे आलं. छापायचं कसं हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. एक प्रत काढायची आणि ती गावात फिरवायची, एवढंच. मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं आम्ही जमवली, मामांनी ती मोठ्या सुईनं मशीनवर शिवून दिली आणि वर खाकी कापडाचं कव्हर चढवलं. मासिकाचं नाव आम्ही ठेवलं 'ठिगळ'. मामा डोक्याला हात लावून म्हणाले, "जलमभर ठिगळं लपवत आलो, आन् तुमी नावच ठिगळ ठिवलं व्हय!"

भांडण झालं ते पहिल्या पानावरून. नलूनं पान समोर घेतलं आणि वर मधोमध 'श्री' लिहिलं. मी म्हटलं, "हे काय?"

"श्री. काय बी लिवायच्या आधी लिवत्यात."

"तुझ्या वहीत लिव. हे दोघींचं हाय. आमी न्हाई मानत."

"अगं, देव थोडाच बसवलाय! सवय हाय ती."

"मंग तुझी सवय माझ्या पानावर कशाला?"

ती म्हणाली, मग तुमची वंदना लिही. मी म्हटलं, लिहीन. ती म्हणाली, मग दोन्ही लिहू. मी म्हटलं, दोन्हीत आधी कोण? इथं गाडी अडली. मी चिंधी घेतली, खळ लावली आणि तिच्या 'श्री'वर चिकटवून टाकली. नलू उठली, चप्पल पायात सरकवली आणि गेली. चार दिवस आम्ही एका बाकावर बसून एकमेकींशी बोललो नाही. आज मी त्या भांडणाकडे बघते तेव्हा मला दोन्ही मुली आवडतात. दोघींनाही आपापल्या घरातून जे मिळालं होतं ते मोलाचं वाटत होतं, आणि आपली मैत्रीण ते पायाखाली तुडवते आहे असंही वाटत होतं. तडजोड करायला आधी थोडं म्हातारं व्हावं लागतं.

पाचव्या दिवशी मामांनी नलूला बोळातून हाक मारून आत बोलावलं आणि आम्हा दोघींना समोर बसवलं. त्यांच्या गळ्यात मापाची टेप होती. "तुमचं ते पुस्तक कुणासाठी हाय?" त्यांनी विचारलं.

"वाचणारांसाठी," मी म्हटलं.

"मंग गिऱ्हाइकाचं माप न घेता कापड काय कापताय? पयलं पान वाचणाराला द्या. जो वाचंल त्यानं आपलं नाव लिवायचं. देव ज्याचा त्यानं घरी ठिवावा."

नलूनं लगेच पट्टी घेतली आणि पानावर रेघा मारायला लागली. पहिलं नाव मामांचं आलं. महिनाभरात मागचे-पुढचे बोळ, मावशी, कॉलेजचा शिपाई, दवाखान्यातली नर्स, भाजीवाली अशी वीसएक नावं झाली. लोक दोन दिवस ठेवून परत आणून द्यायचे. एका अंकाची शेवटची पानं संपली की मामा नवीन पानं मागे शिवून द्यायचे, त्यामुळे 'ठिगळ' एकच राहिलं आणि जाड होत गेलं.

आता माझ्या चुकीकडे येते. एका दुपारी मासवडी थापताना आत्यानं मला एक गोष्ट सांगितली. बाळू लहान असताना त्याला विषमज्वर झाला होता. दवाखान्याचं औषध चालू होतं, पण ताप उतरेना. तेव्हा आत्या मामांना न सांगता, नवा खण घेऊन देवीच्या डोंगरावर गेली होती. माझ्या आजोबांनी सगळे देव घरातून बाहेर काढल्याला तेव्हा कित्येक वर्षं होऊन गेली होती. आमच्या घरात ही साधी गोष्ट नव्हती. आजोबांनी देव सोडले ते माणूस म्हणून उभं राहण्यासाठी, आणि त्या सोडण्याचा आम्हाला अभिमान होता. आत्या एवढंच म्हणाली, "गेले व्हते खरी. कुणाला सांगू नको," आणि फडक्याची घडी घालायला लागली.

मी रात्रभर तळमळले असं लिहायला हवं, पण मी झोपले आणि सकाळी उठून ती गोष्ट लिहून काढली. चांगली झाली होती, हेच वाईट. आत्याचं नाव मी जसंच्या तसं ठेवलं होतं. नलूनं उतरवायला घेतलं, वाचलं आणि बोरू खाली ठेवला. "आत्याला इचारलंस का?"

"इचारलं तर न्हाई म्हणंल."

"मंग न्हाई लिवायचं."

"नलू, आजवर मी जे लिवलं त्यात हेच खरं हाय गं."

शेवटी तिनं उतरवून दिलं. सोबत चित्रही काढलं: डोंगराच्या पायऱ्या आणि पाठमोरी बाई. मी ठरवलं होतं, हा अंक आमच्या बोळात फिरवायचाच नाही, लांब पाठवायचा. नलू सुटीला बेल्ह्याला निघाली होती. मी तो तिच्या पिशवीत घातला.

ती परत आली तेव्हा रडून डोळे सुजलेले. बाजाराच्या दिवशी तिच्या भावानं तिला वाटेत मिळालेल्या टेंपोतून बाजारात नेलं होतं. तिनं 'ठिगळ' सीटखाली ठेवलं, वासरं बघायला उतरली, आणि टेंपो दुसऱ्याच कुणाची जनावरं भरून निघून गेला. टेंपो कुणाचा, कुठला, भावाला माहीत नव्हतं. मी नलूला जे बोलले ते इथं लिहीत नाही. तिनं ते मला माफ केलंय, आणि माफ केलेली गोष्ट पुन्हा चव्हाट्यावर मांडू नये, एवढी अक्कल मला आता आली आहे.

त्या मासिकाच्या शेवटच्या पानावर मामांच्या दुकानाचा पत्ता होता. कुणीही यावं आणि पुढच्या खोलीत उभं राहून म्हणावं, पारूबाईची गोष्ट वाचली बरं का. त्यानंतर दुकानात अनोळखी माणूस शिरला की मी आतल्या खोलीत पाणी प्यायला जायचे. वंदनेला आत्याशेजारी उभं राहवत नसे. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं वचन मी रोज मोठ्यानं म्हणत होते, आणि खोटं तर मी बोललेच नव्हते. खरं बोलूनही माणसाचा विश्वास मोडता येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आत्याला वाटलं मला पित्त झालंय. तिनं आवळ्याचं सरबत पाजलं.

नलू मात्र दर बाजाराला बेल्ह्याला जायला लागली. एसटीनं जायची, उन्हात टेंपोंच्या रांगेतून हिंडायची आणि एकेका ड्रायव्हरला विचारायची, "भाऊ, खाकी कव्हराची वही घावली का?" चार बाजार झाले, पाच झाले. लोक तिला 'वहीवाली' म्हणायला लागले. ती परत यायची, माझ्या दारात उभी राहायची आणि नकाराची मान हलवायची. मी तिला आत ये म्हणतही नव्हते.

मग एक दिवस मी कॉलेजातून दुपारी घरी आले, तर बोळात शिरतानाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मशीनचा आवाज नव्हता. हातावर काम असताना मामा मशीन बंद ठेवत नसत. मी दाराशी आले आणि तिथंच थांबले. मामा मशीनच्या स्टुलावर, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात 'ठिगळ'. आत्या उंबऱ्याला टेकून बसलेली, मांडीवर सुपात तांदूळ. मामा मोठ्यानं वाचत होते, शाळेत धडा वाचतात तसं, एकेक शब्द तोडून. आणि वाचत होते तेच.

"...नवा खण पदराखाली धरून आत्या डोंगराच्या पायऱ्या चढू लागली..."

मामांनी परिच्छेद पुरा केला, बोटानं जागा धरून ठेवली आणि चष्म्यावरून आत्याकडे बघितलं. आत्या सुपातले खडे निवडत राहिली.

"मला म्हाईत व्हतं," मामा म्हणाले.

आत्याचा हात थांबला.

"तवा मी चोळ्या बी शिवायचो. लगनसराईच्या गठ्ठ्यातला एक हिरवा खण कमी व्हता. आता आपल्या घरातला खण कुठं जानार? मी म्हणलं, गेली आसंल. पोराची आई हाय."

"इतकी वरसं बोलला न्हाईत!"

"तू बी न्हाई बोललीस."

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. मग तिची नजर माझ्यावर गेली. मी रडायलाच लागले. मी म्हटलं, आत्या, मी विचारायला हवं होतं, मी मुद्दाम नाही विचारलं. ती म्हणाली, "ये हितं." मी जवळ जाऊन बसले. मला वाटलं, आता एक कानाखाली बसणार. ती म्हणाली, "लिवलंस त्यात खोटं काय न्हाई. पण शके, गोष्ट माझी व्हती. मला इचारून लिवली आसतीस तर पुढचं बी सांगितलं आसतं. तू आर्धीच लिवलीस."

"पुढचं काय?"

"देवळाजवळ पोचले, तर पायरीवर एक बाई बसल्याली, पदरात पोर. तिची चोळी पार फाटल्याली. मी टेलरची बायको! हात आपसूक तिकडंच गेला. खण तिला दिला आन् तशीच खाली उतरले. देवीपाशी गेलेच न्हाई."

मामांनी आ वासला. इतकी वर्षं त्यांनी एक गोष्ट पोटात ठेवली होती आणि तीही अर्धीच निघाली होती. आधी आत्या हसली, मग मामा. हसता हसता त्यांच्या गळ्यातली टेप खाली पडली. मग मी त्या दिवशी आत्याला जे विचारलं ते आयुष्यात कितीतरी जणांना विचारायला धजले नाही. मी विचारलं, "आत्या, तवा तुझा देवावर इस्वास व्हता का?"

"इस्वास न्हवता गं. भ्या व्हतं. पोर तापानं फणफणल्यावर मानूस कुठं बी पळतंय. आता सकाळी वंदना म्हणते ना, ती मला आवडती, कारन त्यात कुनाला काय मागायचं नसतं. नुसतं उभं ऱ्हायचं आन् आपण नीट वागू म्हणायचं."

मी पुढे श्रद्धेवर बरीच व्याख्यानं ऐकली, दोन-चार दिलीही. या तीन-चार वाक्यांच्या पलीकडे मी अजून गेलेले नाही.

"आता मागचं वाच की," आत्या मामांना म्हणाली. तेव्हा मला कळलं की 'ठिगळ' जसं गेलं होतं तसं आलेलं नव्हतं. बेल्ह्याच्या बाजारातला धोंडिबा नावाचा व्यापारी ते घेऊन आला होता. त्याच्या जनावरांबरोबर वही त्याच्या वस्तीवर गेली. त्याच्या सुनेनं ती उघडून बायकांना वाचून दाखवली, तिथून ती शेजारच्या वस्तीवर गेली, तिथून कुणाच्या तरी माहेरी. "आणायची लई दिसांपास्नं व्हती वो पावणं," तो मामांना सांगून गेला होता, "पण बाया सोडनात." आज तालुक्याच्या कचेरीत त्याचं काम होतं म्हणून त्यानं ती सुनेच्या हातातून काढून आणली होती. मामांनी त्याला संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं.

पहिलं पान दोन्ही बाजूंनी भरलं होतं. रेघा संपल्यावर लोकांनी कडेनं नावं लिहिली होती. खाली कुणीतरी 'ऐकनारे' असं लिहून त्याखाली शाईचे अंगठे उमटवले होते, एक, दोन, तीन, सगळे मिळून चौदा. आणि आत्याच्या गोष्टीच्या चारही बाजूंना पेन्सिलीनं, शाईनं, एके ठिकाणी चक्क कोळशानं लिहिलेलं होतं. 'माझ्या सासूनं बी आसंच केलं पन उलटं. देवाला जाते म्हनून दवाखान्यात गेली.' 'आमच्या आईनं मशेरी सोडायचा नवस केला व्हता, पोरगं बरं झालं, मशेरी चालू हाय.' 'चितरातली बाई माझ्यासारकी दिसती.' आणि गोष्टीच्या अगदी शेवटी, वाकड्या अक्षरात: 'आत्याबाई, तुमचं पोरगं आता कसं हाय ते कळवा. लई काळजी लागली.'

मामांनी हे वाचलं तेव्हा आत्यानं पदर तोंडाला लावला. कोण कुठली बाई, तिनं आमच्या बाळूच्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या तापाची काळजी केली होती. "आवं, कळवाया पायजे," आत्या एकदम उठून उभी राहिली. "ती जीव टांगून बसली आसंल. शके, बेसन काढ. धोंडिबा जेवायला यायच्या आत मासवडी व्हाया पायजे. आन् आदी जा, त्या पोरीला बोलाव."

कुठली पोरगी ते सांगावं लागलं नाही. मी धावत सुटले, चप्पल न घालता. नलू मावशीच्या ओट्यावर गहू पाखडत होती. मला बघून ती उभी राहिली. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, "घावलं! चल, मासवडी हाय." नलूनं सूप तसंच मावशीच्या हातात दिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मावशी, मी शकीच्या घरी जेवायला चालले." पुढे मावशीनं आठ दिवस नलूशी अबोला धरला, तो आपोआप विरघळला. ती आमच्याकडे जेवायला कधीच आली नाही, पण नलूचं पोट मात्र कायमचं सुधारलं.

संध्याकाळी धोंडिबा आला. पांढरा पटका, कपाळाला बुक्का, आणि सौद्याच्या सवयीनं आवाज असा की बोळातली कुत्री उठावीत. तो पाटावर बसला, पहिली वडी रश्श्यात बुडवून तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "राव, ही वडी बाजारात आणली तर बैल सोडून लोक हिचाच सौदा करतील." नलूकडे बघून म्हणाला, "आन् तूच व्हय ती वहीवाली! आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं तवा कळलं, मालकीण हिंडतीया." नलूनं विचारलं, "चित्रं कशी वाटली?" धोंडिबानं बोटं चाटली आणि गंभीर झाला. "बैल ब्येस हायेत. पन सातव्या पानावरचा बैल डाव्या पायानं लंगडतोय. म्या आसतो तर घेतला नसता." नलू घास हातात धरून तशीच थांबली. मग म्हणाली, "तो खरंच लंगडत व्हता. आमचा व्हता." मामांनी हसून तिच्या पाठीवर थाप मारली. मी पुढे समीक्षा पुष्कळ वाचली, पण चित्रातला बैल लंगडतो हे ओळखणारा वाचक कुणाला किती वेळा मिळतो?

निघताना आत्यानं त्याच्या हातात वड्यांचं पुडकं दिलं आणि निरोप पाठ करून घेतला. "सांगा, पोरगं बरं हाय. पिंपरीला कारखान्यात हाय. औंदा लगीन करतोय." धोंडिबानं तो तीनदा म्हणून दाखवला. पुढच्या बाजाराला नलूनं उलट निरोप आणला, 'लग्नाला बोलवा.' आणि बाळूच्या लग्नाला खरोखरच बेल्ह्याकडच्या पाच बायका टेंपोतून आल्या, ज्यांना नवरा किंवा नवरी दोन्हीकडचं कुणीच ओळखत नव्हतं. आत्यानं त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं.

तेव्हापासून मी कुणाविषयी लिहिलं तर छापायच्या आधी त्या माणसाला वाचून दाखवते. त्यामुळे माझी दोन पुस्तकं अडली, एक नातं तुटता तुटता राहिलं. पण बहुतेक वेळा माणूस ऐकतो आणि म्हणतो, "हे आर्धंच हाय," आणि उरलेलं सांगतो. माझ्या लिखाणात जे काही बरं आहे ते त्या उरलेल्यातून आलं आहे.

पण हे सगळं नंतरचं. धोंडिबा जेवून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाली. मामा बोळातल्या उजेडाकडे आरसा धरून दाढीला बसले. मी वेणी घालत होते. आत्या आली, माझ्यासमोर मांडी ठोकून बसली आणि पदरानं हात पुसत म्हणाली, "वही घे."

"कशाला?"

"मी सांगते, तू लिव. या खेपेला पुरं लिव."

मी वही उघडली. आत्यानं घसा साफ केला, ताठ बसली, आणि फोटो काढायला बसल्यासारखा चेहरा केला.

"लिव. मी बारा वरसांची व्हते आन् मला पवाया येत व्हतं. गावच्या हिरीत मी काठावरनं मुटका मारायची. हे माझ्या नवऱ्याला आजून म्हाईत न्हाई."

दारात मामा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून सावकाश वळले. आत्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. "लिवलंस?" तिनं मला विचारलं. "आता पुढं."